अल्प साठा, मोठी सूट : ज्वालाग्राही द्रवांच्या साठवणुकीविषयीच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाच्या साठवण खोलीत लाकडी मांडणीवर ओळीने बाटल्या लावलेल्या असतात. त्यांत पेट्रोलियम ईथर, हेक्झेन, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट असे अनेक द्रव असतात. शेजारच्या प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांत पेशीच्छेदाच्या कामासाठी झायलिन ठेवलेले असते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेबलावर स्पिरिटचे दिवे असतात. यांपैकी कोणताही साठा कारखान्याच्या तुलनेत मोठा नसतो. त्यामुळे हा साठा 'किरकोळ' आहे, त्याला कोणताही कायदा लागू होत नाही आणि म्हणून त्याबाबत वेगळे काही करण्याची आवश्यकता नाही, अशी एक समजूत रूढ झालेली दिसते.

या समजुतीचा उगम नियमांतच आहे. ज्वालाग्राही द्रवांविषयीचे नियम करताना प्रत्येक देशाने काही प्रमाणापर्यंतच्या साठ्याला परवान्यातून किंवा कठोर अटींतून सूट दिली आहे. ही सूट व्यवहाराच्या दृष्टीने अपरिहार्य होती. परंतु परवान्यातून दिलेली सूट ही काळजीतून दिलेली सूट आहे, असा तिचा अर्थ कालांतराने लावला गेला. 'अल्प साठा' ही संकल्पना भारतीय नियमांत कशी घडली, ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे आणि ती गृहीतके आजच्या प्रयोगशाळेत कितपत टिकतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तुलनेसाठी अमेरिका व ब्रिटन येथील नियमांचा आधार घेतला आहे.

'अल्प' या शब्दाचा कायदेशीर अर्थ

भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे पेट्रोलियम अधिनियम, १९३४. या अधिनियमात पेट्रोलियम म्हणजे कोणताही द्रव हायड्रोकार्बन, हायड्रोकार्बनांचे मिश्रण किंवा द्रव हायड्रोकार्बन असलेले कोणतेही ज्वालाग्राही मिश्रण. फ्लॅश पॉइंटच्या आधारे त्याचे वर्ग पाडलेले आहेत. द्रवाच्या पृष्ठभागावर जमलेली वाफ ठिणगी लागताच क्षणभर पेटेल असे किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट होय. २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी फ्लॅश पॉइंट असलेला द्रव 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांच्या आतील द्रव 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांच्या आतील द्रव 'क' वर्गात मोडतो.

अधिनियमाच्या कलम ७ व ८ मध्ये सुटीच्या मर्यादा दिलेल्या आहेत. विक्रीसाठी नसलेल्या 'अ' वर्गातील पेट्रोलियमचा एकूण साठा ३० लिटरपेक्षा अधिक नसेल तर परवाना लागत नाही. 'ब' वर्गासाठी हीच मर्यादा एका ठिकाणी २,५०० लिटर असून कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे एवढी अट आहे. 'क' वर्गासाठी मर्यादा ४५,००० लिटर आहे. 'अ' वर्गाच्या बाबतीत मात्र कलम ८ भांड्याविषयीही बोलते. द्रव घट्ट बूच असलेल्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच ठेवला पाहिजे. भांडे काचेचे वा चिनी मातीचे असल्यास त्याची क्षमता एका लिटरपेक्षा, तर धातूचे असल्यास पंचवीस लिटरपेक्षा अधिक नसावी.

या तरतुदींवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कायद्याच्या दृष्टीने 'अल्प' हे प्रामुख्याने आकारमानाचे मोजमाप आहे. दुसरी अशी की, सुटीच्या आतही कायद्याने 'अ' वर्गापुरती जबाबदारी कायम ठेवली आहे. म्हणजेच तीस लिटरांच्या आत सर्व काही मोकळे आहे, ही समजूत कायद्याच्या शब्दांनाही धरून नाही.

तीस लिटर म्हणजे किती, हे समजून घेण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एक लिटर हेक्झेनचे वस्तुमान सुमारे ६६० ग्रॅम असते. त्याचा रेणुभार ८६ धरल्यास हे सुमारे ७.७ मोल होतात आणि खोलीच्या तापमानाला त्यांची सुमारे १८८ लिटर वाफ तयार होते. हेक्झेनची वाफ हवेत सुमारे १.२ टक्के झाली की मिश्रण पेटू शकते. याचा अर्थ एक लिटर हेक्झेन पूर्णपणे बाष्पीभूत झाले तर सुमारे १५ ते १६ घनमीटर हवा ज्वलनशील होऊ शकते. तीस लिटरांसाठी हा आकडा ४५० घनमीटरांच्या पुढे जातो. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद व तीन मीटर उंच प्रयोगशाळेचे आकारमान नेमके ४५० घनमीटर असते. प्रत्यक्षात संपूर्ण साठा एकाच वेळी सांडून उडून जाणे संभवत नाही. तथापि हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे ती खोलीभर पसरण्याची वाटही पाहत नाही. ती जमिनीलगत साचते आणि दूरच्या बर्नरपर्यंत सरकत जाते. कायद्याने ज्याला अल्प म्हटले आहे ते भौतिकदृष्ट्या अल्प नाही.

पहिला आक्षेप : तापमानाची रेषा

नियमांतील सर्वांत महत्त्वाची रेषा २३ अंशांची आहे. या रेषेच्या एका बाजूला सुटीची मर्यादा ३० लिटर, तर दुसऱ्या बाजूला २,५०० लिटर, म्हणजे जवळपास त्र्याऐंशी पट आहे. फ्लॅश पॉइंट २२ अंश असलेला द्रव आणि २४ अंश असलेला द्रव यांच्या स्वभावात एवढे अंतर नसते. अर्थात, कोणत्याही वर्गीकरणाला कोठेतरी रेषा आखावी लागते. त्यामुळे प्रश्न रेषा असण्याचा नसून ती कोठे आखली आहे याचा आहे.

ब्रिटनमध्ये १८७९ च्या पेट्रोलियम कायद्याने सर फ्रेडरिक एबेल यांच्या बंद पात्रातील चाचणीनुसार ७३ अंश फॅरनहाइट ही मर्यादा ठरवली होती. ७३ अंश फॅरनहाइट म्हणजे २२.८ अंश सेल्सिअस. आजची २३ अंशांची रेषा त्या जुन्या रेषेशी जवळजवळ तंतोतंत जुळते. रसायनांच्या वर्गीकरणाच्या सध्याच्या जागतिक पद्धतीतही दुसऱ्या व तिसऱ्या प्रवर्गांमधील सीमा २३ अंशांचीच आहे. लंडनच्या हवामानात ही रेषा अर्थपूर्ण आहे, कारण तेथे खोलीचे तापमान वर्षातील बहुतेक दिवस त्याहून कमी असते. 'अ' वर्गातील द्रव खोलीच्या तापमानाला पेटणारी वाफ देतो आणि 'ब' वर्गातील द्रव तापवल्याशिवाय देत नाही, असा सरळ भेद तेथे करता येतो.

महाराष्ट्रात हा भेद टिकत नाही. विदर्भात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. ज्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे या कायद्याची अंमलबजावणी आहे तिचे मुख्यालय नागपूरलाच आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. झायलिनचा फ्लॅश पॉइंट सर्वसाधारणपणे २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान, टर्पेंटाइनचा ३५ अंशांच्या आसपास आणि रॉकेलचा त्याहून थोडा वर असतो. हे सर्व 'ब' वर्गाचे द्रव आहेत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील साठवण खोलीत त्यांचे तापमान त्यांच्या फ्लॅश पॉइंटच्या वर गेलेले असते. त्या दिवसांत ते व्यवहारतः 'अ' वर्गाचे द्रव असतात, तर कागदावर मात्र 'ब' वर्गाचेच राहतात. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा ज्या काळात होतात तो काळही बहुधा हाच असतो.

या संदर्भात आणखी एक मुद्दा पुरेसा विचारात घेतला जात नाही. हेक्झेन किंवा डायएथिल ईथर यांसारख्या अतिबाष्पनशील द्रवाच्या बंद बाटलीत द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की हवा अपुरी पडते आणि आतील मिश्रण सहसा पेटत नाही. धोका असतो तो बाटलीबाहेर. झायलिनचे मात्र उलट आहे. ४५ अंशांना त्याच्या बंद बाटलीतील वाफेचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. झायलिनची वाफ १.१ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान पेटते. म्हणजेच कडक उन्हाळ्यात झायलिनच्या अर्धवट भरलेल्या डब्याच्या आतच ज्वलनशील मिश्रण तयार असते. कायदा ज्या द्रवाबाबत सौम्य आहे तोच द्रव विशिष्ट परिस्थितीत भांड्याच्या आत अधिक धोकादायक ठरतो. आकारमानावर आधारलेल्या वर्गवारीत ही बाब मावत नाही.

स्पिरिटच्या दिव्याचे उदाहरण याच प्रकारचे आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास असून २५ अंशांना त्याच्या मोकळ्या जागेतील वाफेचे प्रमाण सुमारे ८ टक्के असते. इथेनॉलची वाफ ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान पेटते. त्यामुळे तळाशी थोडेसे स्पिरिट उरलेला दिवा हा भरलेल्या दिव्यापेक्षा अधिक धोकादायक असतो. तो गरम असताना, किंवा शेजारी दुसरा दिवा पेटता असताना, त्यात स्पिरिट ओतणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. या ठिकाणी साठा शंभर मिलिलिटरही नसतो. साठा जितका कमी तितका धोका कमी, हे नियमांचे मूलभूत गृहीतकच येथे उलटते.

दुसरा आक्षेप : भांड्याचा विसर

कलम ८ मधील भांड्याविषयीची तरतूद ही या अधिनियमातील एक विचारपूर्वक केलेली तरतूद आहे. काच फुटते, म्हणून काचेच्या भांड्याची मर्यादा एक लिटर ठेवली. धातू पडला तरी फुटत नाही, म्हणून त्याला पंचवीस लिटरपर्यंत मुभा दिली. साठा एकूण किती यापेक्षा एका अपघातात किती द्रव सांडेल, हा प्रश्न या तरतुदीमागे आहे आणि तो योग्य प्रश्न आहे.

दुर्दैवाने हीच तरतूद सर्वाधिक दुर्लक्षित राहिली आहे. प्रयोगशाळांना लागणारे पेट्रोलियम ईथर व हेक्झेन बाजारात मोठ्या प्रमाणावर अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्यांत मिळते. लिटरमागे ती स्वस्त पडत असल्यामुळे खरेदी समितीचा कलही तिच्याकडेच असतो. परवान्याशिवाय साठा ठेवणाऱ्या महाविद्यालयात अशी बाटली कलम ८ च्या अटीत बसत नाही, ही गोष्ट निविदा काढणाऱ्यांच्या वा माल उतरवून घेणाऱ्यांच्या लक्षात येत असल्याचे दिसत नाही. अडीच लिटरची बाटली उचलताना तिच्या गळ्याला धरणारा प्रयोगशाळा परिचर आणि ती फुटल्यावर जमिनीवर पसरणारा द्रव यांचा विचार कायद्याने १९३४ मध्येच केला होता. तो खरेदीच्या कागदपत्रांत उतरला नाही.

दुसरीकडे, ही तरतूद स्वतःच जुनी झाली आहे. तिच्यात प्लॅस्टिकचा उल्लेख नाही, कारण तिची भाषा ठरली तेव्हा प्लॅस्टिकचे कॅन व्यवहारात नव्हते. आज बहुतेक द्रावके पाच लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवली जातात. असे भांडे पडल्यावर फुटत नाही, परंतु आगीत ते वितळते आणि आतील संपूर्ण द्रव आगीच्या स्वाधीन करते. शिवाय द्रव ओतताना निर्माण होणारे स्थिर विद्युत धातूच्या भांड्याप्रमाणे जमिनीला जोडून वाहून नेता येत नाही. या भांड्यांना परवानगी द्यायची की नाही आणि द्यायची तर कोणत्या अटींवर, हे नियमांनी स्पष्ट करणे आवश्यक होते.

सन २०२० च्या महासाथीने हा प्रश्न प्रत्येक कार्यालयात नेऊन ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार केलेल्या हातांच्या सॅनिटायझरमध्ये आकारमानाने ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. त्यांचे फ्लॅश पॉइंट अनुक्रमे १७.५ व १९ अंश आहेत. विशेष वातानुकूलन व वायुवीजन नसलेल्या ठिकाणी ५० लिटरपेक्षा अधिक सॅनिटायझर तयार करू नये, असे संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेतच बजावले होते. त्या काळात शाळा, बँका व महाविद्यालये येथे सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी आणि कागदपत्रांच्या कपाटांत ठेवले गेले. ज्यांनी ते ठेवले त्यांना आपण ज्वालाग्राही द्रवाचा साठा करीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

तिसरा आक्षेप : यादी आणि माणूस

पेट्रोलियम अधिनियमाची व्याख्या हायड्रोकार्बनभोवती फिरते. ॲसिटोन, इथाइल अल्कोहोल, मिथाइल अल्कोहोल हे त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून १९५२ साली ज्वालाग्राही पदार्थांविषयी स्वतंत्र कायदा करून या पदार्थांना धोकादायक ज्वालाग्राही घोषित करण्यात आले आणि पेट्रोलियम अधिनियमाच्या तरतुदी त्यांना लागू करण्याचा अधिकार केंद्र शासनाला देण्यात आला. ही यादी अगदी छोटी होती. तिच्यात कॅल्शियम कार्बाइड आणि नायट्रोसेल्युलोजच्या चित्रफिती होत्या, परंतु डायएथिल ईथर नव्हते. डायएथिल ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश असून त्याची वाफ १८० अंशांच्या आसपासच्या गरम पृष्ठभागावर ठिणगीशिवायही पेटते. हवा व प्रकाश यांच्या सान्निध्यात त्यात स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. इथाइल ॲसिटेटही या यादीत नव्हते. पदार्थांची नावे मोजणारा कायदा पदार्थांच्या स्वभावाच्या मागे पडतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

येथे महाराष्ट्रातील एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. महाविद्यालयांतील शुद्ध अल्कोहोलवर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये नियंत्रण असते. त्यासाठी परवाना लागतो, नोंदवहीत वापर लिहावा लागतो आणि बाटली कुलपात ठेवावी लागते. त्यामुळे प्रयोगशाळेत सर्वांत काटेकोरपणे सांभाळला जाणारा ज्वालाग्राही द्रव अल्कोहोल हाच असतो. परंतु या काटेकोरपणाचा हेतू आग टाळण्याचा नसून अल्कोहोल पिण्यासाठी वापरले जाऊ नये, हा आहे. लाकडी कपाटाला कुलूप लावले की राज्य उत्पादन शुल्क विभागाचे समाधान होते. त्याच खोलीत उणे ४५ अंशांचे ईथर उघड्या मांडणीवर किंवा घरगुती फ्रिजमध्ये असते. घरगुती फ्रिजच्या आतील दिव्याचे व थर्मोस्टॅटचे बटण ठिणगी टाकते आणि फ्रिजमधील चार अंश तापमान हे ईथरच्या फ्लॅश पॉइंटपेक्षा जवळपास पन्नास अंशांनी अधिक असते. सावधगिरीची संपूर्ण यंत्रणा महाविद्यालयाच्या हाती असूनही ती चुकीच्या बाटलीसाठी वापरली जाते.

माणसांच्या बाबतीतही अशीच पोकळी आहे. कारखान्यांतील आगीविषयीच्या तरतुदी प्रदीर्घ काळ कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये होत्या. आता त्यांची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. या संहितेत कारखान्याची व्याख्या विजेचा वापर असल्यास वीस आणि नसल्यास चाळीस कामगारांच्या संख्येशी बांधलेली आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळा या अर्थाने कारखाना नाही आणि तेथे दररोज द्रावके हाताळणारा विद्यार्थी हा कामगार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ इमारतीला लागू होतो. त्यानुसार जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र हे प्रमाणपत्र भिंतीवरील उपकरणाविषयी बोलते. मांडणीवरील बाटलीविषयी ते मौन पाळते.

तुलनेसाठी दोन परंपरा

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाचे ज्वालाग्राही द्रवांविषयीचे नियम १९६९ च्या अग्निसंरक्षण संहितेवर आधारलेले आहेत. त्यांची पद्धत तपशिलाची आहे. साठवणुकीचे कपाट दुहेरी पत्र्याचे असावे, दोन पत्र्यांमध्ये दीड इंच हवेची पोकळी असावी, दाराला तीन ठिकाणी अडकणारी कडी असावी आणि सांडलेला द्रव बाहेर येऊ नये म्हणून उंबरठा तळापेक्षा किमान दोन इंच उंच असावा, असे त्यांत सांगितले आहे. दहा मिनिटांच्या अग्निचाचणीत कपाटाच्या आतील तापमान ३२५ अंश फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये. एका कपाटात अतिज्वालाग्राही द्रव ६० गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे २२७ लिटरपेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. हाताळण्याच्या सुरक्षा डब्याची क्षमता पाच गॅलनपर्यंत असून त्याचे झाकण स्प्रिंगने आपोआप बंद होते.

या पद्धतीचा गुण म्हणजे ती संदिग्ध नाही. कोणताही निरीक्षक पट्टी घेऊन उंबरठा मोजू शकतो. तिचा दोष असा की ती आपल्या परिसराची काही गृहीतके सोबत घेऊन येते. दहा मिनिटांची चाचणी ही त्या अवधीत माणसे बाहेर पडतील आणि बंब पोहोचेल अशा व्यवस्थेत पुरेशी आहे. तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या महाविद्यालयात बंब नगरपरिषदेकडून किंवा औद्योगिक वसाहतीतून यावा लागतो. तेथे दहा मिनिटांचे कपाट मुलांना बाहेर काढण्यापुरतेच उपयोगी पडेल. युरोपीय मानकात कपाटांचे पंधरा ते नव्वद मिनिटांपर्यंतचे वर्ग आहेत, ते या दृष्टीने अधिक विचार करण्यास लावणारे आहेत.

ब्रिटनने २००२ साली धोकादायक पदार्थ व स्फोटक वातावरण यांविषयीचे विनियम करून वेगळा मार्ग पत्करला. तेथे मालकाने स्वतः धोक्याचे मूल्यमापन करावयाचे असते. त्यासोबतच्या मान्यताप्राप्त व्यवहारसंहितेत कामाच्या खोलीतील साठ्याविषयी दोन आकडे सुचवलेले आहेत. अतिज्वालाग्राही द्रव, तसेच ज्यांचा फ्लॅश पॉइंट त्या कामाच्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा कमी आहे असे द्रव ५० लिटरपर्यंत, आणि त्याहून वरच्या फ्लॅश पॉइंटचे ज्वालाग्राही द्रव २५० लिटरपर्यंत. खोलीतील साठा शक्यतो अर्धा दिवस किंवा एका पाळीच्या गरजेपुरता असावा, हेही तत्त्व त्यात आहे.

'त्या कामाच्या जागेचे कमाल तापमान' हे शब्द प्रस्तुत चर्चेत निर्णायक आहेत. जो देश उष्ण नाही त्याने आपली रेषा हवामानाशी बांधली आणि ज्या देशात पारा ४५ अंशांच्या वर जातो त्याने ती एका स्थिर आकड्याशी बांधून ठेवली, हा विरोधाभास उघड आहे. ब्रिटिश पद्धत मात्र सर्वस्वी निर्दोष नाही. तिचे यश मूल्यमापन करणाऱ्याच्या जाणकारीवर अवलंबून असते. जेथे अशी जाणकारी नाही तेथे मूल्यमापन म्हणजे भरून ठेवलेला एक छापील तक्ता एवढेच उरते.

नियमांच्या बाजूने

येथवरच्या टीकेवरून सुटीच्या मर्यादा रद्द कराव्यात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक लिटरला परवाना मागणारा कायदा अंमलात आणता येत नाही आणि अंमलात न येणारा कायदा सर्वच कायद्यांविषयीचा आदर कमी करतो. १९३४ च्या अधिनियमाचा मुख्य विषय व्यापार व वाहतूक हा होता. घरोघरी रॉकेलचे दिवे असलेल्या समाजात सामान्य माणसाला परवान्याच्या जाचातून मोकळे ठेवणे हे शहाणपणाचेच होते. दोष सुटीत नाही. सुटीच्या आतील क्षेत्रासाठी नंतरच्या काळात कोणी काही लिहिले नाही, हा दोष आहे. परवान्याच्या खाली एक साधी आचारसंहिता असावयास हवी होती, ती जागा रिकामी राहिली.

महाविद्यालयांनी काय करावे

शासनाने नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. वरील चर्चेतून काही गोष्टी सरळ निष्पन्न होतात. त्यांसाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही.

एक, वर्गवारी आपल्या खोलीच्या तापमानानुसार करावी. साठवण खोलीत कमाल-किमान तापमापी लावून मे महिन्यातील कमाल तापमान नोंदवावे आणि ज्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट त्याहून कमी आहे तो 'अ' वर्गाचा समजावा. झायलिन व टर्पेंटाइन या कसोटीने आपोआप वरच्या वर्गात येतील.

दोन, खरेदीच्या निविदेत भांड्याचा आकार लिहावा. 'अ' वर्गातील द्रव एक लिटरपेक्षा मोठ्या काचेच्या बाटलीत स्वीकारू नये. लिटरमागे पडणारा जादा खर्च हा सुरक्षिततेचा खर्च म्हणून मान्य करावा.

तीन, साठवण खोली आणि प्रयोगाचे टेबल यांत भेद करावा. टेबलावर त्या दिवसाच्या प्रात्यक्षिकापुरताच द्रव यावा आणि उरलेला संध्याकाळी परत जावा. स्पिरिटचे दिवे भरण्याचे काम प्रात्यक्षिक सुरू होण्यापूर्वी, वेगळ्या जागी व थंड दिव्यांवरच व्हावे.

चार, ईथरच्या बाटलीवर आगमनाचा व उघडल्याचा दिनांक लिहावा आणि ठरावीक मुदतीनंतर ती विल्हेवाटीसाठी वेगळी काढावी. घरगुती फ्रिजमध्ये कोणतेही द्रावक ठेवू नये.

पाच, अल्कोहोलसाठी जी नोंदवही व जे कुलूप आहे त्याच शिस्तीत सर्व ज्वालाग्राही द्रव आणावेत, मात्र लाकडी कपाटाऐवजी उंबरठा असलेल्या पत्र्याच्या कपाटात. ज्या यंत्रणेची सवय आहे तिचाच विस्तार करणे हे नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा सोपे असते.

सहा, या व्यवस्थेची माहिती प्रथम प्रयोगशाळा परिचराला, त्याच्या भाषेत व लेखी द्यावी. बाटल्या तोच उचलतो, तोच ओततो आणि सांडलेले तोच पुसतो. विभागप्रमुखाच्या टेबलावरील सूचनापत्रक त्याच्यापर्यंत पोहोचले नाही तर उर्वरित सर्व उपाय कागदी ठरतात.

समारोप

ज्वालाग्राही द्रवांच्या अल्प साठ्याविषयीचे भारतीय नियम आकारमानाला प्रमाण मानतात. तापमान, भांडे, पदार्थाचा स्वभाव आणि तो हाताळणारा माणूस या चार गोष्टी त्यांत एक तर दुय्यम आहेत किंवा अनुपस्थित आहेत. भांड्याविषयीची जी एक चांगली तरतूद त्यांत आहे ती व्यवहारात विसरली गेली आहे. २३ अंशांची रेषा ज्या हवामानात आखली गेली ते हवामान महाराष्ट्राचे नाही. नियमांत या दृष्टीने सुधारणा होणे आवश्यक आहे. तिची सुरुवात स्थानिक कमाल तापमानाचा निकष स्वीकारण्यापासून व्हावी, असे म्हणता येईल.

तथापि महाविद्यालयाच्या दृष्टीने प्रश्न केवळ कायद्याचा नाही. प्रथम वर्षाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत येतो तेव्हा तेथील व्यवस्था सुरक्षित आहे असे तो गृहीत धरतो. त्याला नियम माहीत नसतात आणि ते माहीत असावेत अशी अपेक्षाही करता येत नाही. तीस लिटरच्या आत कायदा परवाना विचारत नाही, एवढ्या आधारावर त्याच्या विश्वासाला उत्तर देता येणार नाही. जेथे निरीक्षक येत नाही तेथे शिक्षकालाच निरीक्षक व्हावे लागते. अल्प साठ्याची जबाबदारी अल्प नसते, हे ओळखूनच साठवण खोलीचे दार उघडले पाहिजे.